परक्या अणूचा पत्ता

अहिल्यानगर, संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर, लोणी या गावांतल्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकणाऱ्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला प्रकल्पाचा विषय विचारला, की बहुतेक वेळा उत्तर ओळखीचं असतं. झिंक ऑक्साइडची थिन फिल्म, त्यात अ‍ॅल्युमिनियमचं डोपिंग. नाहीतर टिन ऑक्साइडची फिल्म आणि त्यात फ्लोरिन किंवा अँटिमनी. एक टक्का, दोन टक्के, तीन टक्के, पाच टक्के अशी चार सॅम्पल, त्यांचे एक्सआरडीचे आलेख, बँड गॅप, रोध, आणि शेवटी 'डोपिंगमुळे गुणधर्म सुधारले' असा निष्कर्ष. हा साचा इतका रुळला आहे की त्यामागे किती सुंदर आणि किती अवघड शास्त्र आहे, हे शिकवणाऱ्यालाही कधीकधी विसरायला होतं. ते शास्त्र मराठीतून, याच महाविद्यालयांतल्या मुलांसमोर मांडावं, म्हणून हे पुस्तक. ते वाचताना मनात कोणता प्रश्न धरून ठेवायचा, एवढंच या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

तो प्रश्न असा: आपण घातलेला परका अणू नेमका कुठे जाऊन बसला?

आधी हा विषय आपल्या भागात एवढा का रुजला ते पाहू. सिलिकॉनची चिप बनवायला जी यंत्रसामग्री लागते, तिचं नावही तालुक्याच्या महाविद्यालयाला परवडत नाही. धातूंच्या ऑक्साइडचा पातळ थर मात्र फवारणीने करता येतो. स्प्रे पायरोलिसिस म्हणतात ती हीच पद्धत. १९६६ मध्ये चेंबरलिन आणि स्कारमन यांनी कॅडमियम सल्फाइडच्या फिल्म अशा फवारून केल्या, आणि तिथून ती जगभर पसरली. लागतं काय? एक तापणारी लोखंडी प्लेट, तिच्यात खुपसलेलं थर्मोकपल, तापमान राखणारा कंट्रोलर, काचेचं नोझल, हवेचा कॉम्प्रेसर आणि धूर बाहेर नेणारं हूड. स्थानिक फॅब्रिकेटरकडून यातलं बरंचसं करून घेता येतं.

झिंक ऑक्साइडचं उदाहरण घ्या. झिंक अ‍ॅसिटेट पाण्यात आणि मिथेनॉलमध्ये विरघळवलं की द्रावण दुधाळ दिसतं. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे काही थेंब पडले की ते निवळतं. त्यातच अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड मोजून मिसळायचं. मायक्रोस्कोपच्या काचेच्या स्लाईड आधी डिटर्जंटने, मग अ‍ॅसिडने, मग डिस्टिल्ड वॉटरने धुऊन चारशे-साडेचारशे अंश सेल्सिअसच्या प्लेटवर मांडायच्या आणि फूटभर उंचीवरून फवारा सोडायचा. थेंब काचेपर्यंत पोचता पोचता त्यातला द्रव उडून जातो, उरलेलं अ‍ॅसिटेट तापलेल्या काचेवर फुटतं आणि झिंक ऑक्साइड मागे राहतं. फवारा फार जोरात सोडला तर प्लेट थंड पडते आणि थर पांढुरका, भुकटीसारखा होतो. नीट जमला तर स्लाईड तिरकी धरल्यावर तिच्यावर हिरवट-गुलाबी छटा दिसतात. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठांवरून परतलेल्या किरणांच्या व्यतिकरणाच्या त्या छटा असतात. जाणकार माणूस त्यांच्यावरूनच जाडीचा अंदाज बांधतो.

आता या थरात आपण घातलेलं अ‍ॅल्युमिनियम किती, याचा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. स्लाईड ७५ मिलिमीटर लांब, २५ मिलिमीटर रुंद. थर ३०० नॅनोमीटर जाड. झिंक ऑक्साइडची घनता सुमारे ५.६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. म्हणजे अख्ख्या स्लाईडवर जेमतेम ३ मिलिग्रॅम झिंक ऑक्साइड. त्यातल्या दर शंभर जस्ताच्या अणूंपैकी दोनांच्या जागी अ‍ॅल्युमिनियम आलं असं धरलं, तर अ‍ॅल्युमिनियमचं वजन भरतं सुमारे २१ मायक्रोग्रॅम. जेवणातल्या मिठाचा एक कण याहून जड असतो. एवढ्याशा अ‍ॅल्युमिनियमने स्लाईडचा रोध कित्येक पटींनी उतरतो, आणि स्लाईड तरीही पारदर्शकच राहते.

हे का होतं? काच पारदर्शक असते पण वीज वाहू देत नाही. तांबं वीज वाहू देतं पण त्यातून आरपार दिसत नाही. हे दोन्ही गुण एकत्र येणं निसर्गात दुर्मीळ आहे. झिंक ऑक्साइडचा बँड गॅप सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि टिन ऑक्साइडचा सुमारे ३.६. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा साधारण १.६ पासून ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत. म्हणजे दृश्य प्रकाशाला इथल्या इलेक्ट्रॉनला उचलून वरच्या पट्ट्यात टाकण्याइतकं बळच नाही, म्हणून तो सरळ आरपार जातो. प्रश्न राहतो विजेचा. जस्ताचा अणू स्फटिकात दोन इलेक्ट्रॉन देऊन बसतो. त्याच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसलं तर ते तीन देतं. दोन बंधांत खर्ची पडतात, तिसरा मोकळा फिरतो. टिन ऑक्साइडमध्ये कथिलाच्या जागी अँटिमनी घातलं तर चाराच्या जागी पाच इलेक्ट्रॉन देणारा पाहुणा येतो. फ्लोरिनची गोष्ट आणखी देखणी आहे, कारण तो धातूची जागा घेत नाही, ऑक्सिजनची घेतो. त्याच्या आयनाचं आकारमान ऑक्सिजनच्या आयनाशी जवळजवळ जुळतं, म्हणून स्फटिकाची घडी फारशी न मोडता तो सामावतो आणि एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो.

सिलिकॉनशी तुलना केली तर एक फरक डोळ्यांत भरतो. सिलिकॉनमध्ये दहा लाखांत एखादा परका अणू पुष्कळ काम करतो. पारदर्शक वाहक हवा असेल तर शेकड्याने मोजावं लागतं. झिंक ऑक्साइडच्या एका घन सेंटिमीटरमध्ये जस्ताचे सुमारे ४ गुणिले १० चा २२ वा घात इतके अणू असतात. त्यातला एक टक्का बदलला आणि प्रत्येक पाहुण्याने आपला इलेक्ट्रॉन दिला, तर १० च्या २० व्या घाताच्या घरात मोकळे इलेक्ट्रॉन मिळतात. इथवर हिशेब सोपा आहे. सगळी अडचण 'प्रत्येक पाहुण्याने आपला इलेक्ट्रॉन दिला तर' या अटीत आहे.

पारदर्शक वाहकाची वाट पहिल्यांदा दिसली १९०७ मध्ये. कार्ल बेडेकर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने कॅडमियमचा पातळ थर हवेत तापवून त्याचं ऑक्साइड केलं आणि तो थर पारदर्शक असूनही वीज वाहू देतो, हे दाखवलं. पहिल्या महायुद्धाच्या पहिल्याच महिन्यात, १९१४ च्या ऑगस्टमध्ये तो मारला गेला. त्याच्या शोधाला पुढे खरा उपयोग सापडला तो दुसऱ्या महायुद्धात, विमानांच्या काचांवरचं बर्फ वितळवण्यासाठी. टिन ऑक्साइडचा अदृश्य थर दिलेल्या काचेतून वीज सोडली की काच तापते. आज आपल्या खिशातल्या फोनच्या पडद्यावर इंडियम ऑक्साइडचा थर असतो, त्यात वजनाने सुमारे १० टक्के टिन ऑक्साइड मिसळलेलं असतं. इंडियम महाग आहे आणि ते मुख्यतः जस्ताच्या शुद्धीकरणातून उपउत्पादन म्हणून मिळतं. म्हणून झिंक ऑक्साइडमध्ये अ‍ॅल्युमिनियम आणि टिन ऑक्साइडमध्ये फ्लोरिन या स्वस्त जोड्यांकडे जगाचं लक्ष आहे, आणि आपल्या प्रयोगशाळांचंही.

महाराष्ट्रात या कामाला चांगली परंपरा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत इम्तियाज मुल्ला, ए. पी. बी. सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फवारणीने केलेल्या टिन ऑक्साइडच्या वाहक थरांवरचं काम १९८६ मध्ये प्रसिद्ध केलं. पुणे विद्यापीठात एम. जी. टकवले यांच्या गटाने फवारलेल्या झिंक ऑक्साइडमध्ये बोरॉन घालून पाहिलं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने तर फवारणी आणि रासायनिक बुडवणी या दोन्ही पद्धती घराघरांत पोचवाव्यात तशा महाराष्ट्रभर पोचवल्या. तिथल्या पी. एस. पाटील यांनी स्प्रे पायरोलिसिसवर १९९९ मध्ये लिहिलेला आढावा आजही या विषयात शिरणाऱ्याने वाचावा असा आहे. सी. डी. लोखंडे यांच्या हाताखाली तयार झालेले विद्यार्थी पुढे ठिकठिकाणी प्राध्यापक झाले. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात एल. ए. पाटील आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी झिंक ऑक्साइडच्या जाड थरांत फेरफार करून अमोनिया ओळखणारे सेन्सर केले. अमळनेर हे तालुक्याचं गाव आहे, हे मी मुद्दाम सांगतो. नगर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना परिस्थितीचं कारण पुढे करण्याची गरज नाही, याचा तो पुरावा आहे.

आता पत्त्याच्या त्या प्रश्नाकडे. विद्यार्थी प्रबंधात लिहितो, 'फ्लोरिन २० टक्के'. हे २० टक्के कुठले? द्रावणातले. टिन क्लोराइडच्या द्रावणात अमोनियम फ्लोराइड मिसळताना त्याने तेवढं घेतलं होतं. पण तापलेल्या प्लेटवर पडल्यावर त्यातला बहुतेक फ्लोरिन हायड्रोजन फ्लोराइडच्या वाफेबरोबर निघून जातो. थरात उरतो तो त्याचा लहानसा अंश. म्हणूनच फ्लोरिनसाठी द्रावणात भरमसाट प्रमाण घ्यावं लागतं आणि ते प्रमाण वाचून नवख्याला आश्चर्य वाटतं. (ही वाफ विषारी आणि काच खाणारी असते. हूड चालू नसताना ही फवारणी करू नये, कितीही घाई असली तरी.) द्रावणातला टक्का आणि थरातला टक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकच नाव देऊन आलेख काढणं ही या क्षेत्रातली सगळ्यात पसरलेली ढिलाई आहे, असं माझं ठाम मत आहे. बोरॉन आणि फ्लोरिन हलके असल्याने नेहमीच्या ईडॅक्समध्ये त्यांचं प्रमाण विश्वासाने सांगता येत नाही, हेही लक्षात ठेवावं.

बरं, अणू थरात आला असं मानू. तो जागेवर बसला का? झिंक ऑक्साइडमध्ये अ‍ॅल्युमिनियम वाढवत नेलं की रोध आधी उतरतो, एका टप्प्यावर तळ गाठतो आणि मग पुन्हा चढायला लागतो. तळापर्यंतच्या उताराचं स्पष्टीकरण सगळे देतात. चढाव जास्त बोलका असतो. ज्यादा अ‍ॅल्युमिनियमला जस्ताच्या जागी बसायला वाव उरत नाही. ते स्फटिककणांच्या सीमांवर साचतं, तिथे त्याचं स्वतःचं ऑक्साइड बनतं, आणि ते वाहक नसतं. जे अणू आत बसलेले असतात तेही भारित असल्यामुळे धावणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या वाटेत येतात. अँटिमनीचं वागणं आणखी गमतीचं. प्रमाण थोडं असताना तो पाच इलेक्ट्रॉन देणारा म्हणून बसतो. फार वाढवलं की त्याचा काही भाग तीनच देणाऱ्या रूपात बसतो आणि दिलेला इलेक्ट्रॉन परत खेचून घेतो. एकाच मूलद्रव्याचे अणू एकाच थरात परस्परविरुद्ध काम करू लागतात.

बँड गॅपच्या बाबतीतही सावध राहायला हवं. डोपिंगने मोकळे इलेक्ट्रॉन वाढले की वरच्या पट्ट्याचा तळ त्यांनीच भरून जातो. मग प्रकाशाला इलेक्ट्रॉन आणखी वर उचलावा लागतो आणि मोजलेला गॅप मोठा दिसतो. एलियास बर्स्टीन आणि टी. एस. मॉस यांनी १९५४ मध्ये हे दाखवलं, म्हणून त्याला बर्स्टीन-मॉस सरकाव म्हणतात. पण थराची जाडी बदलली, कणांचा आकार बदलला, जाळीत ताण आला तरी आलेख हलतो. इलेक्ट्रॉनची संख्या न मोजता सगळं श्रेय बर्स्टीन आणि मॉसना देऊन टाकणं योग्य नाही.

आपण घातलेल्या अणूइतकेच महत्त्वाचे असतात ते न बोलावता आलेले अणू. साध्या सोडा-लाइम काचेत वजनाने सुमारे १३-१४ टक्के सोडियम ऑक्साइड असतं. साडेचारशे अंशांवर त्यातलं सोडियम काचेतून वर सरकून फिल्ममध्ये शिरतं आणि तिची वाहकता बिघडवतं. काच कारखान्यांत वाहक थर देण्याआधी सिलिकाचा आडपडदा देतात तो याचसाठी. आपल्याकडे तोच प्रयोग साध्या स्लाईडवर होतो आणि सोडियमचा उल्लेखही कुठे येत नाही. हायड्रोजनची कथा तर याहून विलक्षण. काहीही न घातलेलं झिंक ऑक्साइड एन-प्रकारचंच, म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन असलेलंच, का निघतं, याचा दोष कित्येक वर्षं ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांवर टाकला जात होता. २००० मध्ये क्रिस व्हॅन दे वाले यांनी गणिताने दाखवलं, की या स्फटिकात शिरलेला हायड्रोजन इलेक्ट्रॉन देणारा दाता म्हणून वागतो. हायड्रोजन पाण्यात आहे, मिथेनॉलमध्ये आहे, अ‍ॅसिटेटमध्ये आहे. फवारणी करणाऱ्या माणसाने तो टाळायचा म्हटला तरी टळत नाही.

याही कारणामुळे पी-प्रकारचं झिंक ऑक्साइड हे अनेकांचं स्वप्न अजून हुलकावणी देतं. नायट्रोजन ऑक्सिजनच्या जागी घातलं की इलेक्ट्रॉनची एक उणीव, म्हणजे होल, तयार व्हायला हवी. पण नायट्रोजनची पातळी फार खोल पडते, असं २००९ च्या गणितांनी दाखवलं. खोलीच्या तापमानाला तिच्यातून पुरेसे होल सुटत नाहीत, आणि जे सुटतात त्यांना आपोआप तयार होणाऱ्या दोषांचे इलेक्ट्रॉन गिळून टाकतात. एन की पी ते सांगणाऱ्या हॉट प्रोबच्या चाचणीत एकदा काटा उलटा हलला म्हणून 'पी-टाइप मिळालं' असं जाहीर करू नये. महिन्याभराने तीच स्लाईड पुन्हा तपासावी. काटा तेव्हा कुठे हलतो ते पाहूनच बोलावं.

या क्षेत्रातली सर्वांत शिकवणारी कहाणी चुंबकत्वाची आहे, आणि तिच्यात एक मराठी शास्त्रज्ञ मध्यभागी आहेत. २००० मध्ये टोमाश डिट्ल आणि सहकाऱ्यांनी भाकीत केलं, की पुरेसे होल असलेल्या झिंक ऑक्साइडमध्ये थोडं मँगेनीज घातलं तर ते खोलीच्या तापमानालाही चुंबकीय राहील. जगभर लाट आली. पुणे विद्यापीठात घडलेले सतीशचंद्र ओगले तेव्हा अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात होते. त्यांच्या गटाने २००३ मध्ये कोबाल्ट घातलेल्या टिन ऑक्साइडच्या पारदर्शक थरात कोबाल्टच्या प्रत्येक अणूमागे सुमारे ७.५ बोर मॅग्नेटॉन इतकं चुंबकत्व आढळल्याचं प्रसिद्ध केलं. धातुरूप कोबाल्टमध्ये तो आकडा १.७ च्या आसपास असतो. एवढं चुंबकत्व एकट्या कोबाल्टचं असणं शक्यच नव्हतं. मग ते कोणाचं? लगेच दुसऱ्या बाजूने इशारे यायला लागले. २००५ मध्ये आयबीएममधल्या संशोधकांनी दाखवलं, की हाफनियम ऑक्साइडच्या फिल्ममध्ये दिसलेल्या चुंबकत्वासारखा संकेत सॅम्पल स्टीलच्या चिमट्याने धरल्यानेही येऊ शकतो. ओगले पुढे पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि नंतर आयसरमध्ये आले. २०१० मध्ये त्यांनी या साऱ्या वादाचा विस्तृत आढावा लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच डोपिंगच्या शेजारी दोषांना जागा दिली. परका अणू आणि त्याने आजूबाजूला घडवलेले दोष हे वेगळे करून पाहताच येत नाहीत, ही समज त्या दहा वर्षांच्या ओढाताणीतून आली. आपल्या विद्यार्थ्यांनी तो लेख गटात बसून वाचावा.

नगर जिल्ह्यासाठी यातला सर्वांत जवळचा भाग गॅस सेन्सरचा आहे. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला उभा राहिला. आज जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या जोडीला आसवनी आहेत, तिथे इथेनॉलची वाफ असते. तिथल्या सांडपाण्यापासून, म्हणजे स्पेंटवॉशपासून, बायोगॅस करतात, त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. दूध शीतकरण केंद्रांत आणि शीतगृहांत अमोनिया फिरतो. प्रत्येक ठिकाणी गळती वेळेवर कळणं हा माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये टिन ऑक्साइडच्या सेन्सरचं पेटंट घेतलं, तेही घरगुती गॅसच्या स्फोटांनी अस्वस्थ होऊन. तापलेल्या टिन ऑक्साइडच्या पृष्ठावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो, आतले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो आणि रोध वाढतो. ज्वलनशील वायू आला की तो त्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध पडतो. पॅलेडियम घातलं की ही क्रिया कमी तापमानाला आणि झपाट्याने होते.

इथेही पत्त्याचा प्रश्न येतोच. पॅलेडियम सहसा स्फटिकाच्या आत बसत नाही, पृष्ठावर बारीक कणांच्या रूपात बसतं. अ‍ॅल्युमिनियम झिंक ऑक्साइडमध्ये करतं त्यापेक्षा त्याचं काम सर्वस्वी निराळं आहे. दोन्हींना एकच 'डोपिंग' म्हणून एका तक्त्यात मांडलं, की विद्यार्थ्याला दोन्ही कळत नाहीत. पुस्तकात म्हणूनच पृष्ठावरच्या फेरफाराला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

पुढची पानं ज्यांच्यासाठी लिहिली आहेत, त्यांच्याकडे एक्सआरडीसाठी पुण्याला सॅम्पल पाठवण्याची वेळ असेल, एक्सपीएस तर दूरच. तरी पुष्कळ काही हातात आहे. हॉट प्रोब आहे, फोर प्रोब आहे, यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर आहे, वजनकाटा आहे. काहीही न घातलेल्या चार फिल्म एकाच दिवशी, एकाच द्रावणातून करा आणि त्या चारींचा रोध आधी एकमेकांशी ताडून पाहा. त्यांच्यातच जेवढा फरक निघेल, तेवढ्याहून मोठा फरक डोपिंगने पडला तरच तो डोपिंगचा माना. सोडियमचा परिणाम वेगळा कळावा म्हणून एक स्लाईड क्वार्ट्झची ठेवा, निदान एक. नोंदवहीत 'द्रावणातलं प्रमाण' आणि 'थरातलं प्रमाण' असे दोन रकाने आखा, आणि दुसरा मोजता आला नाही तर तो रिकामा ठेवा. रिकामा रकाना परीक्षकाला दाखवायला लाजू नका. आणि जो परीक्षक त्याबद्दल गुण कापेल, त्याला हे पुस्तक वाचायला द्या.